उपटायचं न्हाई!

…आन् वरनं मलाच म्हनत्यात, आबा, आवाज कमी करा! कसा करू? ज्या गवतानं माझी हयात खाल्ली, अंगाला खाज, डोळ्याला पानी, दरसाली बांधावर बसून ज्याची मुंडकी पिरगाळली, त्या गाजरगवताचा सख्खा चुलतभाऊ सिंगापुरात, आंग मो किओला, आठव्या मजल्यावर, माझ्याच पोराच्या दारात, उघड्या गॅलरीत, कुंडीत ऐटीत बसलेला! आन् उपटायचं न्हाई!

तुम्हास्नी सांगतो, औंदा, दोन हजार सहाला, पोरानं मला हवा खायला आनलं. सून प्रियदर्शिनी, ती संशोधक. ह्ये गवत अमेरिकेच्या वाळवंटातलं, बिनपान्याचं जगनारं, आन् त्यावर तिचं तीन वर्साचं काम. लॅबातली समदी रोपं कुजून मेली, ह्ये एकलंच ऱ्हायलं, आन् बाईसाहेब निघाल्या तीन आठवडं परदेशी! "आबा, हे गेलं तर माझं सगळं गेलं. माती नको, निम्मी वाळू, निम्मी खडी. कडक ऊन. खत नको. पाण्याचा थेंबसुद्धा नको, ओल राहिली की मुळं कुजतात." अगं, दुपार झाली की हितं आभाळ फुटतंय! चड्डी वाळंना दोन-दोन दिस, वाळवंट कुठनं आनू? पाऊस तिरका आत शिरला की मी छत्री घिऊन अशी हानतोय त्याला, सपासप! दोन छत्र्या मोडल्या. पोरगा उज्ज्वल कामावरनं येतो, "आबा, लोक बघतायत!" बघू दे की! जल्माचा वैरी राखतोय मी! आन् उपटायचं न्हाई!

त्यात शेजारची चिनी म्हातारी. लई कनवाळू. एक दिस सकाळी बघतो तर टमरेल घिऊन कुंडीत पानी ओततीया! माझं टाळकंच सरकलं. टमरेल हिसकलं, पायाखाली घातलं, पार भाकरी केली त्याची. ती किंचाळली, "अंकल, यू व्हेरी क्रूएल लाह! नो वॉटर, डाय ऑलरेडी!" त्यातलं डाय तेवढं कळलं. म्हनलं, तूच डाय! आत पळाली. मला वाटलं, भ्याली… कशाची भ्येतीय! कापडं वाळत घालायचा बांबू घिऊन आली की वो, धा फुटी! मी काठी उचलली. तिनं नडगीवर, मी बांबूवर, तिनं टाळक्यावर, मी तिच्या लोखंडी दारावर, धाडधाड धाडधाड, समदा मजला बाहीर! ह्ये टेंगूळ, बघा, हात लावून बघा… आन् दोघंबी कशापायी? गवत जगावं म्हनून! हसताय काय? उपटायचं न्हाई ना!

तिसऱ्या आठवड्यात त्यानं पानं टाकली. समदी! नुसत्या करड्या काड्या. मेलं! आता सुनंला काय तोंड दावू? डोस्क्यात रगत चढलं. म्हनलं, मरायचंच व्हतं तर माझ्या हातानं तरी मर! बुडख्याला धरलं, दिला हिसका… आन् मूळ बाहीर आलं पांढरंफेक! जितं! तीस वर्सं उपटलेल्या मानसाला कळतंय वो, जितं मूळ म्हंजी काय. खुपसलं माघारी, वाळू दाबली, आन् पुढ्यात बसून आयुष्यात पयल्यांदा गवताला म्हनलं, "मरू नगंस रं बाबा."

सून आली. नखानं काडी खरवडली. आत हिरवं! "आबा, हे झोपलंय. पाणी नसलं की पानं टाकून जीव राखतं." बये, आधी सांगायला काय झालं व्हतं? म्या हितं मार खाल्ला!

आठ दिसांनी कोंब फुटलं. मी नाचलो, खोटं कशाला बोलू. तर म्हैन्याभरात सुनंनं काय करावं? फांद्या छाटून अकरा कुंड्या लावल्या, आन् माझा हितं ऱ्हायचा सरकारी पास वाढवून आनला! "आबांशिवाय कुणाला जमायचं नाही."

काल गावाकडनं धाकट्या भावाचा फोन. "दादा, तकडं काम लागलं म्हनं तुला? कसलं रं?"

आता त्याला कसं सांगू, गवत राखतोय म्हनून? म्हनलं, हॅलो… हॅलो… काय ऐकू येईना रं, ठिवतो.