बाबांचा सराव

लहान मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंच्या दाराबाहेर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. बापाच्या मांडीवर अडीच वर्षांची चिमी होती, अजून एकही शब्द न बोललेली.

“घरी सराव केला का, असं बाई विचारतील. काय सांगायचं?”

“केला म्हणून सांग. चेंडू हातात धरला आणि ती मागेपर्यंत थांबलो.”

“थांबलास? ‘चिमे, चेंडू हवा?’ हे तूच. ‘हो बाबा, दे ना!’ हेही तूच, बारीक आवाज काढून. आणि देऊन मोकळा!”

“तिचा चेहरा बघवत नव्हता गं.”

“मग ती कशाला तोंड उघडेल? आठवडाभर कानीकपाळी ओरडतेय, थांब, तिला बोलू दे!”

“परवा तूही दिलासच की.”

“माझं दूध उतू जात होतं!”

दार उघडलं. बाईंनी वाकून विचारलं, “काय चिमे, आज काय खेळायचं?”

“चेंडू, बाई! आज आम्हाला चेंडूच—”

चिमीने बापाच्या तोंडावर हात ठेवला.

“थांब.”

बापाने तिचा हात तोंडावरून बाजूला केला.

“ऐकलंत? बाई, बोलली! ती म्हणाली—”

“थांब!”

या वेळी मायलेकी एकदमच म्हणाल्या.