अप्पांचा कृष्ण निजतो कधी

आमच्या कृष्णाच्या दुपारच्या झोपेचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? ऐका.

परदेशातून शिकून चेन्नईत वेस्ट मांबलमच्या घरी परत आले आणि तंजावरी चित्रं रंगवणाऱ्या माझ्या वडिलांना, अप्पांना म्हटलं, "लाकडी फळी आणि सोन्याचा वर्ख पुरे झाला. आता आपला तंजावरी कृष्ण इंटरनेटवर रांगेल. जगात कुणीही स्क्रीनला बोट लावलं, की बोटामागे येईल."

अप्पांनी हात, पाय, मोरपीस, सगळं वेगवेगळं रंगवून दिलं. फक्त डोळे राहिले. ते आमच्याकडे सगळ्यात शेवटी काढतात. डोळे आले, की चित्राचा देव होतो. साइट दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती, आणि अप्पा कुंचला खाली ठेवून बसले.

"हा निजतो कधी?"

"अप्पा, इंटरनेट कधीच बंद नसतं. तेच तर त्याचं मोठेपण."

"देऊळसुद्धा दुपारी बंद असतं गं, बारा ते चार. लेकराला सारखी बोटं लावणार लोक, आणि तू बघत बसणार?"

मी खूप भांडले. शेवटी मीच उघड्या डोळ्यांबरोबर मिटलेले डोळेही मागितले.

"सरी, ठीक आहे," म्हणाले अप्पा, आणि दोन्ही काढून दिले.

आता बारा वाजले, की तो लोण्याच्या मडक्याला टेकून निजतो. पोट तेवढं हळूहळू वरखाली होतं. ते बघताना माझाही डोळा लागतो.

परवा तिकडच्या माझ्या प्राध्यापकांचा मेल आला, "तुझा कृष्ण हलत नाही. बिघडलाय का?"

मी लिहिलं, "नाही सर, निजलाय. चेन्नईत चार वाजले की या. तोवर स्क्रीनवर टकटक करू नका."