सासूबाई, घट्ट धरा!

...हलकं वाटतं म्हणे! मनातलं सांगून टाकलं की हलकं वाटतं! कोण म्हणालं हो हे पहिल्यांदा? आणा त्याला माझ्यासमोर, एवढंच विचारतो, बाबा रे, तुझी सासू बाजारात मटोके, म्हणजे भाजीची हिरवी केळी, विकते का? नाही ना? मग गप बस!

तुम्हाला सांगतो, मी लुतालो, मसाका रस्त्यावरचा न्हावी, अठरा वर्षं डोकी भादरतोय, कुणाच्या कानाला ओरखडा नाही. चार महिन्यांपूर्वी बोडावरनं घरी येत होतो. आता बोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल, मागे दोघं कोंबल्याशिवाय चालवणाऱ्याला समाधान नाही! वाटेत एक बाई चढली. लाल धूळ उडत होती, म्हणून तिच्या तोंडाला फडकं, माझ्या तोंडाला रुमाल. बसली माझ्या मागे, एका बाजूला पाय सोडून, आणि रस्त्यात हे एवढाले खड्डे! मीच म्हटलं, मीच, "मावशी, लाजू नका, घट्ट धरा, पडाल!" धरलं हो मावशीनं. कंबरेला दोन्ही हातांचा विळखा. सहा मैल! उतरलो, मी रुमाल सोडला, तिनं फडकं सोडलं... सासूबाई!

"आई गं!" म्हणून त्या केळीच्या बागेत अशा घुसल्या की एक चप्पल रस्त्यातच राहिली.

अहो, आमच्या बागांडा लोकांत जावयानं सासूला शिवायचं नाही! शिवायचं राहू द्या, समोर उभं राहायचं नाही. त्या दारातून आल्या की मी मागच्या दारानं बाहेर. चौदा वर्षं संसार असाच चाललाय, आणि सुखाचा चाललाय. चुकून शिवलं की हाताला थरथर सुटते. सासरच्या नात्याला आम्ही ओबुको म्हणतो आणि त्या थरथरीलाही ओबुकोच म्हणतो. दोन्हींना शब्द एकच! पूर्वज किती अनुभवी असतील बघा!

दुसऱ्या दिवशी वस्तरा धरला, तर हात लटलट लटलट! गिऱ्हाइकाला म्हटलं, मलेरिया असेल. पुढच्याला म्हटलं, चहा झाला नाही अजून. तेही बिचारं मान पुढे करून बसलंय! पोटात गुपित आणि हातात वस्तरा, झोप उडाली माझी. एखाद्याचा कान गेला तर? दुकान बंद, मग तीन पोरं खाणार काय? बायकोला सांगावं, तर आई तिचीच!

गेलो फादरकडे. सांगितलं की हलकं वाटतं म्हणे! कबुलीच्या खोक्यापाशी गुडघे टेकले, जाळीला तोंड लावलं. "फादर, मी सासूला शिवलो." आतून आवाज, "शिवलास म्हणजे?" "म्हणजे त्यांनी मला धरलं." "कुठे?" "बोडावर." "वाईट हेतूनं?" "खड्ड्याच्या हेतूनं, फादर!" तर आतून उसासा, "बाळा, हे पाप नाही. दुसरं काही आहे का? चोरी? बाहेरख्याली? लवकर बोल, मागे तीस माणसं उभी आहेत."

आता आली का पंचाईत! एवढा रांगेत उभा राहिलेला माणूस, रिकाम्या हातानं कसा परतणार? शेजाऱ्याची कोंबडी चोरली म्हणून सांगितलं. चोरली नव्हती हो! न चोरलेल्या कोंबडीबद्दल दहा प्रार्थना म्हणाव्या लागल्या, आणि हात? तसाच लटलट!

तेव्हा भेटला आमचा दोस्त कातेरेगा. तो हल्ली दारू सोडून तंबूतल्या प्रार्थनेला जातो. म्हणाला, "लुतालो, तुझ्या फादरकडे खोकं आहे, आमच्या पास्टरकडे माईक! चारचौघांत बोल, बघ कसा हलका होतोस!" आणि मी मूर्ख, गेलो. तेही भर बाजाराच्या दिवशी. पास्टर घामाघूम होऊन ओरडतोय, "कोण ओझं घेऊन आलंय? टाक! टाक ते!" मी टाकलं. तुम्हाला सांगतो, एकदा तोंड उघडलं ते मिटेचना! ढसाढसा रडलो. "माझ्या सासूनं मला सहा मैल मिठी मारली! आणि मीच म्हटलं, घट्ट धरा!" तंबूत एक हालेलुया नाही. पुढच्या बाकावरची म्हातारी उठून मागे जाऊन बसली. पण हात बघतो, तर दगडासारखा स्थिर! खरंच हलकं वाटलं हो, खोटं कशाला बोलू... चांगली दोन मिनिटं वाटलं!

बाहेर आलो. आंब्याच्या झाडावर त्याच माईकचा कर्णा. कर्ण्याचं तोंड बाजाराकडे. बाजारात तिसऱ्या रांगेत, मटोक्याच्या घडांमागे, सासूबाई.

घडांमागूनच बोलल्या, माझ्याशी नाही, केळ्यांशी. "सांगा कुणीतरी माझ्या जावयाला! सहा मैल मीही आले होते. तीन महिने मी कुणापाशी बोलले? माझा हात थरथरला? मी हलकीच होते हो, कुणाला माहीत नव्हतं म्हणून! एवढ्यात चार बायांनी विचारलं, केळी राहू दे, घट्ट म्हणजे किती घट्ट?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बायको तर आठवडाभर माहेरी जाऊन बसली.

त्याला आता महिना झाला. हात अगदी स्थिर! आणि दुकानात चिटपाखरू नाही. समोरच्या न्हाव्याकडे ही रांग! माझं जुनं गिऱ्हाईक, बुयोंडो, दहा वर्षं माझ्यापाशी डोळे मिटून, घरातलं, बाहेरचं, सगळं सांगत भादरून घेणारा माणूस, तोही त्या रांगेत! म्हटलं, "अरे, बघ तरी, हात थरथरत नाही आता!"

तर हळूच म्हणाला, "लुतालो, तुझा हात हलला तर माझा कान जाईल, एवढंच ना? तुझं तोंड हललं तर माझं घर जाईल!"