गाडी बंद करण्याआधी

गाड्यांच्या नावबदलीच्या ऑफिसात मी माझ्या नंबरची वाट बघत होते. पुढच्या बाकावर गाडी विकणारे काका, त्यांची बायको आणि गाडी घ्यायला आलेली मुलगी बसली होती.

"इंजिनाला जोर देणारा टर्बो मी मोठा बसवून घेतलाय, तो फार तापतो. घरी पोचलीस की लगेच किल्ली फिरवायची नाही. मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं, तो निवला की मग बंद."

"हो काका. मगाशीही सांगितलंत."

"मग म्हणून दाखव."

"अहो, पोरगी गाडी घेतेय, परीक्षा देत नाहीये!"

"आधीच्या दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलंय मी. अजून सही केलेली नाही."

"विकली नाहीत तर गुडघ्याचं काय? क्लच दाबताना आई आठवते तुम्हाला."

"काकू, तुम्हाला गाडीचा वैताग यायचा ना?"

"सवत म्हणायचे मी तिला. पण खरं सांगू? हे कामावरून धुमसत यायचे आणि दारात मिनिटभर गाडीतच बसायचे. गाडी निवायची, तसे हेही निवायचे. साहेबावरचा राग कधी उंबरा ओलांडून आत आला नाही. माझी पोरं बापाला न भिता वाढली. भलं होवो त्या टर्बोचं!"

"हे मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर दुसरी आणली असतीत."

"काका, मी नर्स आहे. ड्यूटीवरून घरी गेले की दारातच आईवर खेकसते."

"मग तू दोन मिनिटं बसत जा, बाळ. टर्बोला चालतं. सही कुठे करायची?"