पद्धतीचा रकाना

(रविवारची दुपार. धाकट्या बाईंच्या घरी, जेवणाच्या टेबलावर एक फॉर्म आणि दोन पेनं. शाळेतल्या थोरल्या बाई समोर बसल्या आहेत. तेवढ्यात आतून वॉशिंग मशीन पीं-पीं करतं.)

मुलगी : आई, मशीन झालं!

धाकट्या बाई : ऐकलं गं. राहू दे, मी काढते नंतर. तू खेळ आत.

थोरल्या बाई : चला, मशीन तरी बोललं. आपल्या तोंडाला मघापासून कुलूपच आहे.

धाकट्या बाई : तुम्ही लिहा ना, बाई. मी सही करते.

थोरल्या बाई : सगळं मीच लिहायचं तर उन्हातून इथवर आले कशाला? चौथी अ तुझी, चौथी ब माझी. नियोजन एकच हवं, सह्या दोघींच्या हव्यात, आणि उद्या पहिल्या तासाआधी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर हवं. धडा लिहिला, अपूर्णांकांची उजळणी. तास लिहिले, सहा. राहिला हा एक रकाना. पद्धत.

धाकट्या बाई : 'फळ्यावर चर्चा' लिहा.

थोरल्या बाई : तीस वर्षं तेच लिहितेय गं.

धाकट्या बाई : मग एकतिसाव्यांदा लिहा.

थोरल्या बाई : हे बघ, त्या दिवशी प्रशिक्षणात आपल्याला हातात हात देऊन उभं केलं होतं ना, 'एकदिलाने काम करा' म्हणून? तेव्हाच मला कळलं. तुझा हात बर्फासारखा गार होता.

धाकट्या बाई : एसी होता तिथे.

थोरल्या बाई : एसीचा गारवा की माझ्यावरचा राग? बरं, सरळच विचारते. माझ्या वर्गात अकरा पोरं छातीठोकपणे सांगतात, एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा. का? तर चारापेक्षा आठ मोठे! तीनदा शिकवलं. घसा बसला माझा. तुझ्या वर्गात एकही चुकलं नाही. काय केलंस तू?

धाकट्या बाई : विशेष काही नाही.

थोरल्या बाई : त्या तासाला दार लावून घेतलं होतंस. आत हसण्या-खिदळण्याचा नुसता कल्ला. विशेष काही नसताना चौथीची पोरं अपूर्णांकांना हसतात होय?

धाकट्या बाई : बाई, मागच्या वर्षी नकाशाचा पाठ दिला होता मी तुम्हाला.

थोरल्या बाई : आलं का ते परत!

धाकट्या बाई : गेलंच कुठे होतं? ही माझी लेक तापाने फणफणली होती तेव्हा. हिच्या उशाशी बसून, एका हाताने कपाळावर घडी बदलत रंगवला होता तो नकाशा. आणि सभेत तुम्ही काय म्हणालात?

थोरल्या बाई : 'आम्ही केला' म्हणाले.

धाकट्या बाई : 'मी' म्हणालात. मी तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवत होते.

थोरल्या बाई : (पेन खाली ठेवतात.)

धाकट्या बाई : पाणी देऊ?

थोरल्या बाई : नको. 'मी' म्हणाले. तुझं नाव अगदी ओठांवर होतं. पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत गं, आणि माझ्या पाठासाठी पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवत होतं. तोंडच उघडेना. चुकलं माझं.

धाकट्या बाई : अहो, बाई…

थोरल्या बाई : बावीस-पंचवीस वर्षांनी लहान आहेस माझ्यापेक्षा. तुला विचारायची लाज वाटते. तरी विचारतेय, त्या अकरा जणांसाठी.

धाकट्या बाई : बरं, ऐका. म्हणजे फार काही नाही त्यात. मी त्या दिवशी घरून एक…

थोरल्या बाई : थांब, थांब, लिहूनच घेते. मुख्याध्यापिकांना सांगते, दोघींनी डोकं लढवून काढलं म्हणून. खूश होतील बघ!

धाकट्या बाई : दोघींनी?

थोरल्या बाई : हं, बोल. घरून एक काय?

धाकट्या बाई : खडू. रंगीत खडूंचं एक खोकं नेलं होतं.

थोरल्या बाई : खडू?

धाकट्या बाई : हो. फळ्यावरच शिकवलं.

थोरल्या बाई : अस्सं. आण इकडे तो कागद. 'फळ्यावर चर्चा.' ही घे, केली सही. येते मी. नको, दारापर्यंत नको येऊस, वाट माहीत आहे मला.

मुलगी : आई, बाई गेल्या? चहा न घेताच?

धाकट्या बाई : गेल्या. चल, कपडे वाळत घालू.

मुलगी : तू चादरीचं का नाही सांगितलंस?

धाकट्या बाई : कान देऊन ऐकत होतीस का?

मुलगी : ऐकू येतच होतं. चादर अर्धी करायची, परत अर्धी, परत अर्धी, आणि मग वर उभं राहायचं. अष्टमांशावर माझा एकच पाय मावला होता! तुझ्या वर्गातली मुलं पण पडली ना धपाधप?

धाकट्या बाई : पडली. तुला समजलंय ना? झालं तर मग.

मुलगी : पण मी तर या बाईंच्या ब मध्ये आहे. माझ्या बाकावरचीला नाही समजलं. परवा रडली ती. मी सांगू तिला?

धाकट्या बाई : नको. म्हणजे… इतक्यात नको.

मुलगी : उद्या बाई एकेकाला फळ्यापाशी बोलावणार आहेत. माझं बरोबर येईल.

धाकट्या बाई : येणारच.

मुलगी : आणि बाईंनी विचारलं, कुणी शिकवलं, तर? तुझं नाव सांगायचं की नाही?