मार्बलच्या खांबात झिनी

नाय, तुमीच सांगा, कनगी ही काय पावन्यासमोर ठेवायची वस्तू हाय? भात साठवायची बांबूची एवढी मोठी टोपली, मानसाच्या छातीपेक्षा उंच, पोटात सुटलेली, वरून शेनानं लिंपलेली, आन ती कुठं? हॉलमधी! बापानं ठेवली तिथंच, तीस वरसं, पंख्याच्या बरोबर खाली. भात खाते आन हवा पन खाते. आन हितं पोराच्या सोयरिकीसाठी पोरीकडची मानसं घर बघायला यायची… तुमाला सांगतो, माझं डोकं फिरलं ते तिथून.

आमचा प्रज्वल आसनगावच्या कंपनीत कामाला हाय. अठ्ठावीसचा झाला. तीन सोयरिकी आल्या आन तीन गेल्या. कोनाला पोरगा काळा वाटला, कोनाला गाव आत वाटला, आन तिसरीनं तर कारनच नाय सांगितलं, नुसता फोन उचलायचा बंद केला. आता ही चौथी, मुरबाडकडली, सरळगावच्या पल्याडची. कुणाली नाव. कल्यानला कॉलेज केलेली. मधला मानूस मला म्हनतो, “गणूदादा, पोरगी शिकलेली हाय, घर जरा स्टाईलमधी ठेव. ही गेली तर पाचवी मी आननार नाय.” आता एवढं बोलल्यावर मानूस गप बसंल का?

पन हातात किती? आठ हजार. लग्नाच्या पैशाला हात लावला तर हात काढून ठेवीन असं माझ्या बायकोनं, गिरजानं सांगून ठेवलेलं, आन ती काढून ठेवनारी बाई हाय. किन्हवलीत एकाला भाव इचारला, पीओपी, रंग, लायटी. तो म्हनतो सवा लाख. मी म्हनलं, सवा लाखात मी तुझं घर इकत घेतो आन पावने तिथंच बोलवतो. आलो निघून. घराला पैसा नाय लागत, डोकं लागतं.

मग प्रज्वलनं मोबाईलवर एक बाई दाखवली. ती बाई सांगते कमी खर्चात घर कसं सजवायचं. काय गोड बोलते. “सर्वात आधी ना, जुन्या वस्तू नजरेआड करा, घर कसं मोकळं मोकळं वाटेल!” पुढं काय सांगितलं ते रेंज गेल्यामुळं कळलं नाय, पन मी म्हनलं, बास, एवढंच पायजे.

लागलो कामाला. नांगर, कोयते, सुपं, पाटा, जातं, लावनीला पावसात डोक्यापाठीवर घ्यायची इरली, सगळं उचललं. जड ते मागच्या शेडात कुलपात, हलकं माळ्यावर. गुरं नेऊन बांधली चुलत भावाच्या गोठ्यात. शिकलेल्या पोरीला शेनाचा वास नको. बैल जाताना माझ्याकडं असा बघत व्हता, जशी त्याची सोयरीक मोडली.

गिरजा दारात उभी. म्हनते, “शेतकऱ्याच्या घरातून शेतकरी तेवढा बाहेर काढलास. आता तूबी जा भावाकडं.”

मी म्हनलं, तुला स्टाईल कळत नाय, तू गप.

माळा दिसू नये म्हनून खालून मांडवाचं कापड लावलं. मांडववाल्याकडं एक गुलाबी कापड पडून व्हतं, हळदीच्या डागाचं, फुकटात दिलं त्यानं. डाग पंख्याच्या बाजूला घेतला. पंखा फिरला की डाग कोनाला दिसतो? डोकं लागतं.

मग भिंत. शहापूरला बाजारात गेलो. दुकानात एक पोरगेलासा मानूस, केस असे उभे, जसा करंट लागलाय. म्हनतो, “काका, थ्रीडी घेऊन जा. विटांचा स्टिकर. लय रॉयल. पाणी मारा, साबण मारा, काय होणार नाय.” घेतला. आनून चिकटवला. लांबून बघितलं तर खऱ्या इटा, हात लावावा वाटंल अशा. मी गिरजाला हाक मारली, म्हनलं, बघ. तिनं बघितलं. म्हनते, “तुझ्या बापानं ही भिंत इटांचीच बांधलेली ना?”

म्हनलं हा.

“तिच्यावर तू दोन वरसांमागं प्लास्टर केलंस ना, इटा गावठी दिसतात म्हनून?”

म्हनलं हा.

“आन आता प्लास्टरवर इटांचा फोटू लावलास.”

आता बायकोनं असं बोलायचं असतं का? मी म्हनलं, त्या इटा आपल्या भट्टीच्या व्हत्या, ह्या थ्रीडी हायत.

राह्यली कनगी. भरलेली. आन भरलेली कनगी हलवत नाय, लक्ष्मी बसलेली असते, आन हलवायची म्हनली तरी सहा मानसं लागतील, तळ सुटंल तो वेगळा. मग डोकं चालवलं. त्या दुकानातून मार्बलचा स्टिकरबी आनलेला, पांढरा, त्याच्यात काळ्या रेघा. कनगीला गोल गुंडाळला. वर थर्माकोलची चकती, तिच्यावर गनपतीतली लायटिंगची माळ. झाला खांब. हायवेवरच्या हॉटेलात असतो तसा. आता खांब छपरापोत पोचत नव्हता, वर दोन हात मोकळा व्हता, पन सगळे खांब काय छपरं धरायला असतात का? काही शोचे असतात.

रविवारी पावने आले. पोरीचा बाप बाळाराम, मानूस कमी बोलनारा, हाताला घट्टे. त्याची म्हातारी आय, गोजरबाय, डोळ्यांनी अंधुक. आन पोरगीबी आली, कुणाली, आजकाल येतात. प्रज्वल तिच्यासमोर असा बसला जसा एसटीची वाट बघतोय.

मी घर दाखवायला लागलो. ही भिंत, ही शिलिंग, आन हा खांब. बाळाराम म्हनला, “कशाचा?” आन माझ्या तोंडातून निघून गेलं, मार्बलचा, राजस्थानचा. आता राजस्थान मी नकाशात पन बघितलेलं नाय.

चहा आला. तेवढ्यात आमची मांजर माळ्यावरून उतरून कापडावर चालायला लागली. वर काय हाय ते दिसत नाय, पन खालून गुलाबी कापडात चार खड्डे पडतायत, हे चार हितं, हे चार पुढं… पावने कप तोंडाला लावून वर बघतायत आन माना फिरवतायत, मांजर जाईल तशा. मी म्हनलं, डिझाईन हाय. चालतं.

मग बाळाराम उठला, मागं जाऊन गोठा बघून आला. गोठा झाडून साफ. माजघर बघितलं, तेबी साफ. परत येऊन बसला. खाली बघत, हळू आवाजात म्हनला, “पावनं, जमीन कदी काढली?”

मला पयलं कळंना. मग कळलं, आन माझ्या डोक्यात असा जाळ झाला. आमच्या हिकडं लय जनांनी जमिनी काढल्या, म्हंजे इकल्या. एकरकमी पैसा आला, गाडी आली, घराला शिलिंग लागली, आन आता गाडी गेली आन त्याच जमिनीवरच्या बंगल्याच्या गेटवर मालक वॉचमन हाय, शेटाला सलाम ठोकतो. आन ह्या बाळारामनं मला त्या लाईनीत बसवला. मला! मी ज्यानं बांधासाठी सख्ख्या मामाशी भांडान केलंय!

म्हनलं, कोन म्हनला काढली? एक गुंठा नाय काढला.

तो म्हनला, “नांगर नाय, गुरं नाय, इरलं नाय. भात कुठं हाय तुमचा?”

आता आली का पंचाईत? बोट करायचं तर खांबाकडं करावं लागनार, आन खांब तर आताच राजस्थानवरून आनलाय. खोटारड्याच्या घरात पोरगी कोन देईल? मी बशीतली बिस्किटं सरळ करत बसलो, तिकडं गिरजा पदर तोंडात धरून उभी, प्रज्वल माझ्याकडं बघतोय, चौथी सोयरीक डोळ्यांसमोर चाललीय. बाळारामनं कप खाली ठेवला. अर्धा. “इचार करून कळवतो,” म्हनला. तुमाला माहीत हाय ह्याचा अर्थ काय ते. तिसरी पन असाच इचार करत गेली ती अजून करतेय.

म्हातारीला उठायला आधार लागतो. तिनं हात टाकला तो नेमका खांबावर. टाकला आन तिथंच ठेवला. हात फिरवला. मग बोटाच्या पेरानं ठोकलं, खाली ठोकलं, मधी ठोकलं, छातीपोत आली आन थांबली.

“बाळा, ह्या खांबात भात हाय.”

“आये, मार्बल हाय तो.”

“तुझ्या बापाच्या घरात पन्नास वरसं कनगी लिंपली मी. ठोकून कळतं मला भात कुठपोत हाय.” आन म्हातारीनं नखानं स्टिकरचं टोक धरलं आन ओढलं. स्टिकरबरोबर शेनाचा पापुद्रा आला, बांबू उघडा पडला, आन मार्बलच्या पोटातून भाताची धार लागली लाद्यांवर… सर्‌र्‌र्… सगळे बघतायत. तिनं चार दाने उचलले, दातानं तूस काढलं, चावले.

“झिनी भात हाय,” म्हनली. “घरची.” मग माझ्याकडं वळली. “भात लपवतोस व्हय रे? लोकांकडं नसला की लपवतात. तू असून लपवलास.”

तुमाला सांगतो, मी कोनाचं ऐकून घेत नाय, सरपंचाचं पन नाय. तिचं ऐकलं.

बाळाराम वाकला, मूठभर भात घेतला, वास घेतला, परत जाग्यावर बसला. अर्धा कप माझ्याकडं सरकवला. “पावनं, गार झाला. दुसरा टाका.”

गिरजा आत पळाली ती रडत का हसत, मला नाय माहीत.

दुसरा चहा आला आन मांजरीला बघवलं नाय. नखं लागली, कापड टराटरा फाटलं, मांजर पडली प्रज्वलच्या मांडीवर आन माळ्यावरून कापडात सरकलेलं इरलं सरळ येऊन बाळारामच्या डोक्यावर बसलं. बरोबर बसलं, मापाचं. त्यानं काढलं पन नाय. तसाच चहा प्याला. पोरगी पयल्यांदा मोठ्यानं हसली, बापाचा फोटू काढला, आन प्रज्वलकडं बघून म्हनली, “तुमच्याकडं असं रोज असतं का?” आमचा दोन पायांचा बैल म्हनला, “नाय, आज स्पेशल.” तेवढंच बोलला, पन चाललं.

जाताना ती पोरगी भिंतीपाशी थांबली. स्टिकरचं टोक सुटलेलं, तिनं ओढलं. पानी मारा, साबन मारा म्हनला व्हता तो करंटवाला, ओढू नका हे नाय सांगितलं. अख्खं प्लास्टर घेऊन खाली. आत बापाच्या इटा, लाल, आपल्या भट्टीच्या. पोरगी म्हनते, “काका, ही अशीच ठेवा. लोकं मुद्दाम करून घेतात अशी. लय महाग पडते.” आन गिरजा माझ्याकडं बघते… मग झाडू आनून माझ्या हातात दिला.

वैशाखात हळद हाय. आता होनारी सून फोनवर सांगते आन प्रज्वल तसं करतो. कनगी परत शेनानं लिंपली, तिच्या जाग्यावर, पंख्याखाली. इरली भिंतीवर टांगली. जातं दारात. कापड मांडववाल्यानं परत घेतलं नाय, म्हनतो डाग पडलाय. बैल घरी आला. परवा शेजारचा येऊन बघून गेला, म्हनतो, गणूदादा, घराला काय स्टाईल आनलीस, किती गेले?

मी म्हनलं, आठ हजार.

घर कसं झालं? बापानं ठेवलेलं तसं. इंचभर नाय हललं. म्हनून सांगतो, तुमच्याकडंबी पोरं लग्नाची असतील तर माझं ऐका, मी करून बसलोय. घराला पैसा नाय लागत. डोकंबी नाय लागत. नुसता हात नाय लावायचा.