डोंगराच्या लेकी

बस ना लुंबिनी, उभी का? तो दारावरचा लाल दिवा लागेपर्यंत बोलता येतं, लागला की चिडीचूप — रेकॉर्डिंग. तर चौदा एप्रिल ना? आर. के. पुरमच्या हॉलमध्ये? नाही गं जमणार. तारीख रिकामी नाही — म्हणजे आहे रिकामी, पण... चहा घेतेस? इथे नोएडात चहा म्हणजे नुसती साखर, पण घे. हो, कळलं, सगळ्यांना तेच गाणं हवंय. आईचंच ते. बाबा ऑफिसला गेले की पोळ्या लाटता लाटता रचायची — ‘रमाईच्या लेकी आम्ही, उन्हातून चालतो’ — आणि जयंतीला तुझी आई तिच्या मागे कोरसला. मी काय केलं? खाली गिटार लावली, बस. दहा वर्षं गुरुग्रामच्या हॉटेलांत हॅट घालून अमेरिकेतली कंट्री गाणी गायलो — घोडा जवळून पाहिला तो फक्त वरातीतला! मग वाटलं, ही गाणी तरी कशाची? घराची, आईची, कष्टाची. मग आपल्या आईने काय घोडं मारलंय? पहिलं रेकॉर्ड तेच. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, वर कंट्रीची गिटार — आणि चाललं, यार! लग्नांत डीजे लावायला लागले.

फक्त ती एक ओळ. ‘डोंगराच्या लेकी आम्ही.’ आमचं गाव वर्धेकडचं, सपाट रान, साधं टेकाड नाही — डोंगर कुठून आणला म्हणून बाबा हसले होते. रमाईच्या जागी डोंगर रेकॉर्ड कंपनीने घालायला लावला. मुलाखतीत मी हेच सांगतो. तुझ्या आईलाही हेच सांगितलं. अशी बघू नकोस ना.

अच्छा, ऐक. कंपनीने काही सांगितलं नाही. बिल्कुल नाही. जयदीप, आमचा प्रोड्यूसर, साधा माणूस — काचेपलीकडून त्याने विचारलं, ‘भाई, ये रमाई कौन है?’ सहज गं, कौतुकाने. सांगायला किती वेळ लागला असता? बाबासाहेबांच्या पत्नी, आम्ही त्यांना आई मानतो — दोन वाक्यं. आणि मी म्हणालो, ‘कोई नहीं, गाँव की कोई औरत है. हटा देते हैं.’ कोई नहीं! जिचा फोटो आमच्या पुढच्या खोलीत, जिच्यासमोर मी पहिलं गाणं म्हटलं — कोई नहीं. मला वाटलं, एकदा कळलं की हे लोक गाणं ऐकणार नाहीत, मलाच निरखत बसतील, आडनाव विचारतील. कोणी विचारण्याआधीच घाबरलो. पेन मीच उचललं, डोंगर मीच लिहिला. लाज वाटते गं. ती ओळ आली की डोळे मिटतो, आणि लोकांना वाटतं, काय तल्लीन झालाय!

आई? तिने पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाली, आवाज छान लागलाय. बस. मला दोन शिव्या तरी घालायच्या! म्हणून तर येत नाही मी. ती पहिल्या रांगेत बसणार, मागे बायका रमाई म्हणणार, आणि मी माइकवर काय म्हणू? डोंगर म्हणवत नाही, आणि ते नाव घ्यायला आता तोंड राहिलं नाही.

काय? परत सांग. तालीम झाली? कोणी घेतली — आईने? आणि बायकांना काय शिकवलं? ...डोंगरवालं? सगळ्यांना? आणि तुझी आई — भांडली ना तिच्याशी? तरीही? काय म्हणाली ती, नीट सांग — ‘माझ्या पोराला स्टेजवर अवघडायला नको’?

स्वतःच्या तोंडाने शिकवलं. स्वतःचं गाणं.

जा तू, लुंबिनी. चहा राहू दे. लाल दिवा लागलाय, आता बोलायचं नसतं — नाही लागला? लागेल. तू जा.